दारावरचा कागद

रुमेनाने लेकीच्या, नेवेनाच्या हातातला चीज भरलेला अर्धा बानित्सा काढून घेतला, कागदात गुंडाळला आणि पिशवीत कोंबला.

"उरलेला टेकडीवर जाऊन खा. उशीर होतोय."

"कशाला उशीर?" स्पास हसला. "रोमन लोक जाऊन दीड हजार वर्षं झाली. ते काही आपल्यासाठी खोळंबलेले नाहीत."

नवऱ्याला आता काय सांगणार? लग्नाआधीच तिने त्याला 'वडील नाहीत' असं सांगून टाकलं होतं आणि बारा वर्षं तेच चालत आलं होतं. खरं तर तिचे वडील लाझार याच प्लोवदिवमध्ये दुसऱ्या बायकोबरोबर राहत होते. रुमेना आठ वर्षांची असताना ते घर सोडून गेले. गेल्या वर्षी मावशीने मरण्यापूर्वी पत्त्याचा कागद तिच्या हाती दिला होता. "जा एकदा. तो तुमची सगळ्यांची चौकशी करत असतो." एप्रिलच्या पाच तारखेला यायचं ठरलंही होतं, पण ऐन वेळी रुमेनाने नेवेनाच्या साध्या सर्दीचा ताप करून येणं टाळलं. आता ऑक्टोबर उजाडला. आज ते दार वाजवायचंच आणि स्पासलाही सांगायचंच, असं ठरवून ती बर्गासहून निघाली होती. सकाळपासून नुसतं ठरवणंच चाललं होतं.

रोमन नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर तिला पाच मिनिटं बसवेना. रंगवलेल्या जुन्या घरांपुढे स्पास फोटो काढू लागला की ही पुढच्या वळणावर जाऊन उभी. मध्येच थांबली तर एखाद्या खांबापाशी, त्यावर चिकटवलेले मयतांचे फोटोवाले कागद वाचायला.

"शहर बघायला आलीस की मेलेले मोजायला?" स्पास म्हणाला. "आपल्याकडच्या खांबांवर कमी आहेत का? चाळीस दिवस झाले, लाव कागद. सहा महिने झाले, लाव कागद. जिवंतपणी ज्याला कुणी विचारत नाही, तो मेल्यावर प्रत्येक कोपऱ्यावर!"

"सवय आहे मला."

वडिलांचा फोटो दिसला नाही की तिला हायसं वाटे आणि लगेच स्वतःचाच राग येई. एवढं हायसं वाटतं, तर इतकी वर्षं काय करत होतीस?

तीन वाजता ती एका अरुंद गल्लीत वळली.

"इकडे काय आहे?"

"एक घर आहे."

"आणखी एक म्युझियम? पाय तुटले माझे."

"म्युझियम नाही. स्पास, थांब जरा. मला तुला काहीतरी..."

नेवेना मात्र पुढे पळाली होती. वाचायला यायला लागल्यापासून ती दिसेल ते वाचत सुटे. एका निळ्या दारासमोर उभी राहून ती कागदावर बोट फिरवत होती.

"सहा... महिने... झाले. ला-झार. शोकाकुल, पत्नी झिव्का. मुलगी रु-मे-ना. जावई स्पास. नात... आई! नात नेवेना! माझं नाव आहे इथे!"

रुमेना कागदाजवळ गेली. फोटोतला माणूस फार म्हातारा झाला होता. खाली तारीख होती, एकोणीस एप्रिल. पाच तारखेला या दाराआड ते होते, चालत-बोलत होते. तिला रडूही येईना, नुसती लाज वाटत राहिली.

स्पास तिच्या खांद्यावरून वाचत होता.

"तू तर म्हणाली होतीस, तुझे वडील..."

"एप्रिलपर्यंत होते."

तिने नेवेनाचा हात धरला. "चला, जाऊ या. बस चुकेल."

स्पास जागचा हलला नाही. ती ओळ त्याने पुन्हा एकदा वाचली, शर्ट नीट केला आणि घंटी दाबली.

आतून सपातांचा आवाज जवळ आला.

"कोण आहे?" एका म्हातारीने विचारलं.

रुमेनाने तोंडावर हात धरला.

"जावई," स्पास म्हणाला.