पहिल्या फेरीतला पाहुणा

फिनबार मोलोनींनी आयर्लंडमध्ये तीस वर्षं मजूर पक्षाचं राजकारण केलं, पण मतमोजणीच्या पहिल्या फेरीत ते एकदाही निवडून आले नाहीत. तिथे मतदार उमेदवारांना पसंतीचे क्रमांक देतात. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला, की ते मत दुसऱ्या पसंतीच्या पदरात पडतं. गोदी कामगारांचे हे पुढारी दारोदार हिंडून सांगायचे, पहिलं मत कुणालाही द्या, दुसरं तेवढं मला. असल्या उष्ट्या मतांवर गडी पाच वेळा संसदेत पोहोचला, आठ महिने राज्यमंत्रीही झाला.

बायको गेल्यावर ते मुलीजवळ म्हणून फोरबर्ग या डच गावी आले, तिथे राहणाऱ्या मंजूषाच्या खालच्या मजल्यावर. मुलगी हॉस्पिटलात नर्स. कोरोना आला आणि बापाला लागण नको म्हणून ती खिडकीखालूनच हात हलवून जायला लागली.

त्यात पुढच्या जानेवारीत सरकारचा नियम आला: घरात दिवसाला एकच पाहुणा. म्हाताऱ्याने लगेच प्रचार सुरू केला. बिल्डिंगमधल्या प्रत्येक दारापासून दीड मीटरवर उभं राहून सांगितलं, तुमचा पाहुणा आला नाही तर मला बोलवा. सगळ्यांनी हसत होकार दिला. मंजूषानेही दिला, होकाराला काय जातंय? पण एकुलता एक पाहुणा येतोच. मार्च संपला तरी मोलोनींची पाळी आली नाही. ते रोज सकाळपासून कोट घालून बसलेले असायचे. कचरा टाकायला जाताना मंजूषाला ते खिडकीतून दिसायचे आणि तिला स्वतःचीच लाज वाटायची.

पाडव्याला बाडहूव्हडॉर्प गावची सलोनी जेवायला यायची, हे सहा वर्षांचं ठरलेलं. यंदा मंजूषाने आदल्या दिवशीच फोन करून तिला येऊ नको म्हणून सांगितलं. मैत्रीण चांगलीच फुगली. शेवटी श्रीखंड घरपोच मिळावं आणि डबा मोठा असावा, या अटींवर तह झाला. मंजूषाच्या नवऱ्याला, उल्हासला, सकाळची मीटिंग बुडवून गाडी काढावी लागली.

तो निघाल्यावर मंजूषा खाली गेली. दुपारी जेवायला या, म्हटल्यावर मोलोनींचा चेहरा खुलला आणि सवयीने प्रश्न आला.

"कोण गळालं?"

"कुणीच नाही. पहिलं नाव तुमचंच आहे."

मोलोनींनी खिशातून फोन काढला.

"थांब, आधी मुलीला कळवतो," ते म्हणाले, "पहिल्या फेरीत निवडून आलो म्हणून."

आणि अंगात असलेला कोट शोधायला आत गेले.