बाटलीतलं फणसाळंबं

अक्कांना औषधातलं काय कळतं, असं गावात कोणी विचारायची सोय नव्हती. तान्ह्या पोराचं तोंड आलं की बाया त्याला कडेवर घेऊन तडक अक्कांच्या ओट्यावर येत. परसातल्या जुन्या फणसाच्या खोडावर फणसाळंबं वाढे, घोड्याच्या खुरासारखं, लाकडाइतकं कडक. अक्का ते सहाणेवर उगाळत आणि बोटाने पोराच्या जिभेला लावत. सासूने हाती दिलेलं हे काम त्यांनी उभा जन्म केलं होतं. गावातल्या बाकीच्या फणसांवरचं लोकांनी कधीच खरवडून नेलं होतं. उरलेला हा एकच फणस वैशाखातल्या वादळात अर्धा मोडला आणि घरावर कलला. मुलाने, गुरुदासने, तो तोडायचा ठरवला. त्याचं काही चुकलं नव्हतं, पण अक्कांच्या जिवाला ते लागलं.

तेव्हा सून विमला म्हणाली की झाड गेलं तरी अळंबं राखता येईल. विमला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. जिच्या घावन्याला धड जाळी पडत नाही ती अळंबं काय वाढवणार, असं अक्कांना वाटलं.

झाड पडण्याआधीच विमलाने ओल्या अळंब्याचा तुकडा काढून घेतला आणि पडवीतली खोली अडवली. बटाटे उकडून त्यांचं पाणी गाळलं, त्यात साखर आणि चायनाग्रास घातलं, वर लिंबाचा थेंब पिळला. ते बाटल्यांत ओतलं आणि कापसाचे बोळे लावून बाटल्या कुकरमध्ये वाफवल्या. अक्कांना वाटलं, खरवसच चाललाय. मग विमलाने स्पिरिटच्या दिव्यावर सुई लाल केली, अळंब्याच्या आतला कण उचलला आणि श्वास रोखून बाटलीत सोडला. बाटल्या अंधाऱ्या पेटीत गेल्या. पेटीत ऊब हवी, पण उकाडा नको. वीज गेली की विमला पेटीला गोधडी गुंडाळायची आणि दर थोड्या वेळाने आत हात घालून बघायची. लेकराचा ताप बघावा, तसंच ते होतं. पुढे काचेआड मोहरीच्या फुलासारखी पिवळी लव धरली, तेव्हा अक्का खोलीच्या दारात थबकल्या. पोरीच्या हातात काहीतरी आहे, हे त्यांना कबूल करावं लागलं.

विमला सारखी सांगायची, खोली अगदी स्वच्छ हवी. अक्कांना स्वच्छता कोणी शिकवायला नको होती. नागपंचमीच्या आदल्या दिवशी सून कॉलेजात गेलेली बघून त्यांनी ताजं शेण कालवलं आणि त्या खोलीची जमीन चारी कोपऱ्यांपर्यंत देवघरासारखी सारवून काढली. बाटल्यांना बोटसुद्धा लावलं नाही. विमला आली ती घाईत होती. जमीन वाळलेली, दार लोटलेलं, त्यामुळे खोली सारवलीय हे तिच्या ध्यानातच आलं नाही. लव वाढली की तिला नवं खाणं लागतं, म्हणून तिने सगळ्या बाटल्या उघडून कण ताज्या बटाट्याच्या पाण्यावर हलवले.

आठवडाभरात एकूण एक बाटलीत हिरवीगार बुरशी माजली. मोहरीचा पिवळा रंग तिच्याखाली गाडला गेला. शेणात असल्या बुरश्यांचं बी खच्चून भरलेलं असतं, सारवल्यावर ते हवेत उडतं, एवढंच विमलाने सांगितलं. आवाज चढवला नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर अक्कांना बरं वाटलं असतं. फणस केव्हाच कट्टा गावच्या सॉ मिलवर गेला होता. सासूने दिलेलं आपण आपल्या हाताने पुसलं, या विचाराने त्या रात्रभर कूस बदलत राहिल्या.

सकाळच्या एसटीने अक्का एकट्या कट्ट्याला गेल्या. फणसाच्या फळ्या झाल्या होत्या, पण अळंबं धरलं होतं तो कुजका ओंडा कामाचा नाही म्हणून जळणाच्या ढिगात फेकलेला होता. अक्कांनी ढीग उपसला. मालक हसला, कंडक्टर कुरकुरला. अक्का मात्र ओंडा मांडीवर घेऊनच घरी आल्या. घरी आल्यावर त्यांनी तो अंगणात ठेवला आणि खोलीकडे पाऊलही टाकलं नाही.

विमलाने कोयत्याने ओंडा फोडला. वरचं लाकूड काळं पडलेलं, गाभा मात्र फिकट आणि भुसभुशीत होता. अळंबं खोडाच्या आतूनच जगतं, ते अजून तिथे असणार, असं ती म्हणाली. खोली धुऊन, फिनेल मारून तिने गाभ्यातले बारीक तुकडे बाटल्यांत टाकले. काही पुन्हा हिरव्या झाल्या. त्या तिने बाहेर नेऊन उकळल्या आणि त्यांत परत नवे तुकडे घातले. भाताच्या लोंब्या भरेपर्यंत तिचं हेच चाललं होतं. एवढा धीर अक्कांनी आपल्या सासूतही पाहिला नव्हता. शेवटी एका बाटलीत तीच पिवळी कड उमटली आणि पसरत गेली.

अक्का उंबऱ्याबाहेरूनच बघत होत्या. "आता ह्या मरूचा नाय मां?"

"खाणा बदलीत रवला तर नाय मरूचा," विमला म्हणाली. "पण लाकडावर वाढान उगाळूच्या जोगा होवक वर्षां जातली. माझ्या एकटीच्या हातार ता ठेवचा नाय. अक्का, आजचो कण तुमी घाला."

अक्कांना वाटलं, पोर थट्टा करतेय. विमलाने स्टूल पुढे सरकवलं आणि दिवा पेटवला.

"माझ्या हातान? आनी नासला तर?"

"माझ्या हातान काय कमी नासला? परत घालू."

अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते खांद्याला पुसलं, कोपरापर्यंत हात साबणाने धुतले, पदर खोचला आणि आत येऊन सुई ज्योतीवर धरली. ती लाल होईपर्यंत त्यांचा हात हलला नाही.