पुढच्या पानावरची आकृती

गणिताच्या बाईंना पाठांतराची मनापासून चीड होती, आणि नशीब असं की त्यांचा वर्ग नेमका पाठांतराच्या वर्गाला लागून होता. मुलींच्या त्या इस्लामी माध्यमिक शाळेत या दोन वर्गांमध्ये भिंत होती ती प्लायवूडची. इकडे बाई एक्सची किंमत काढायला लागल्या की तिकडे कुराण तोंडपाठ करणाऱ्या धाकट्या मुलींचा सूर लागायचा. मग इकडच्या दहावीच्या मुलीही एक्सला वाऱ्यावर सोडून डुलायला लागायच्या, कारण त्याही सकाळी त्याच वर्गात बसून आलेल्या असायच्या.

पाठांतराचा वर्ग आपांचा. त्या साऱ्या शाळेच्या आपा होत्या, मुख्याध्यापिकासुद्धा त्यांना आपाच म्हणायच्या. आपा डोळे मिटून बसायच्या. मुलगी म्हणत जायची, आणि एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की आपांच्या बोटातली अंगठी बाकावर वाजायची, टक्. काय चुकलं ते त्या सांगायच्या नाहीत. मुलीने आपलं मागे जायचं, चूक शोधायची आणि पुन्हा पुढे यायचं. नियम एकच होता, एक शब्द गाळायचा नाही आणि एक शब्द पदरचा घालायचा नाही.

"आपा, तुमच्या पोरींना माझ्याकडे पाठवताना जरा सांगत जा," बाई शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना हटकून विषय काढायच्या. "गणित समजून घ्यायचं असतं, घोकायचं नसतं."

"समजेल गं," आपा शांतपणे म्हणायच्या. "आधी घरात तर येऊ दे त्याला. दारात उभा असलेला माणूस कुणाला समजतो का?"

बाई त्यावर तावातावाने बोलायच्या आणि चहा गार व्हायचा. समजावण्यासाठी त्या वाट्टेल ते करायच्या. मैदानात दोऱ्या ताणून वर्तुळं काढायच्या, मुलींनाच कोनाची टोकं म्हणून उभं करायच्या. परीक्षेच्या तोंडावर त्यांनी कप्पी टांगायला स्टूलवर चढून छताच्या हुकाला हात घातला. कप्पीमुळे ओझं उचलणं सोपं होतं हे सिद्ध होण्याआधीच स्टूल सरकलं आणि बाई पायाला प्लास्टर घालून घरी गेल्या.

इतर शिक्षिकांचे तास भरलेले होते. "मी बसते पोरींजवळ," आपा म्हणाल्या. बाईंनी खाटेवरून निरोप धाडला, "शिकवू नका, फक्त उजळणी घ्या." आपांनी उजळणी घेतली. परीक्षा झाली, मुली हसत बाहेर पडल्या, आणि बाईंच्या जिवात जीव आला.

निकालाच्या दिवशी बाई काठी टेकत शाळेत आल्या, तर मुख्याध्यापिकांचं तोंड उतरलेलं. परीक्षा मंडळाने सगळ्या वर्गाचा गणिताचा निकाल राखून ठेवला होता. आळ होता सामूहिक कॉपीचा.

"भूमितीच्या सिद्धतेत," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "प्रत्येक मुलीने मध्येच कंसात एक वाक्य लिहिलंय. आकृती पुढच्या पानावर पाहा. आणि पुढच्या पानावर आकृती नाही. कुणाच्याच पेपरात नाही. एकीने काहीतरी लिहिलं आणि बाकीच्यांनी डोळे मिटून उतरवलं, असं त्यांचं म्हणणं आहे."

"माझ्या मुली कॉपी करत नाहीत," बाई ताडकन म्हणाल्या. "त्यांना समजतं. ज्याला समजतं त्याला दुसऱ्याच्या पेपरात डोकावायची गरज काय?"

त्याच रागात त्या वर्गात शिरल्या. निकाल घ्यायला जमलेल्या मुली चिडीचूप बसल्या होत्या. बाईंनी भिंगरीला उठवलं. एका जागी दोन क्षण टिकत नाही म्हणून तिचं नाव भिंगरी. तिचे वडील शिंपी होते, आणि त्यांनी साफ सांगितलं होतं, विज्ञान शाखेला प्रवेश मिळाला तर शिक, नाहीतर आपल्या दुकानात मशीनवर बस. प्रवेश तर दुसऱ्याच दिवशी सुरू होत होते, आणि गणिताच्या गुणांशिवाय तिथे कुणी दारात उभं करणार नव्हतं.

"अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो. सिद्ध कर," बाई म्हणाल्या.

भिंगरीने हात बांधले, डोळे मिटले आणि ती डुलायला लागली. "सिद्धता. समजा ओ हे वर्तुळाचे केंद्र आहे," ती आपांच्या वर्गातल्या सुरात म्हणू लागली, "आणि एबी हा व्यास आहे, आकृती पुढच्या पानावर पाहा, आता ओसी जोडा."

"थांब. ते मधलं कशाला म्हणालीस?"

"पुस्तकात आहे, बाई. कंसात आहे."

"अगं, पण पेपरात कशाला लिहिलंस?"

"मग गाळायचं?" भिंगरीने इतकं हादरून विचारलं की बाईंनाच आपण काहीतरी वाईट सुचवल्यासारखं वाटलं. मागच्या सगळ्या माना तिच्या बाजूने हलत होत्या.

"आणि आकृती? ती का नाही काढली?"

"आकृती म्हणता येत नाही ना, बाई."

बाईंनी कपाळावर हात मारला आणि प्लायवूडच्या पलीकडे गेल्या. आपांनी सगळं ऐकलेलंच होतं.

"मला काय कळतं त्यातलं कुठलं कामाचं आणि कुठलं बिनकामाचं?" आपा म्हणाल्या. "म्हटलं, छापलंय म्हणजे असणार कामाचं. सगळं पुस्तक करून घेतलं." मग त्यांचा आवाज बसला. "माझ्यामुळे पोरींवर चोरीचा आळ आला का गं?"

बाई खूप काही बोलायचं ठरवून आल्या होत्या. आपांचा चेहरा पाहून त्यांनी ते सगळं गिळलं. खरी गोम वेगळीच होती. कॉपी झाली नाही हे दाखवायचं तर घोकंपट्टी झाली हे कबूल करायला हवं. मागच्याच हिवाळ्यात शिक्षकांच्या सभेत बाईंनी घोकंपट्टीवर तोंडसुख घेतलं होतं, "पाठांतर हा गणिताचा शत्रू आहे," असं टेबलावर हात आपटून सांगितलं होतं, आणि पहिल्या रांगेत बसून सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारे गृहस्थ होते मंडळाचे मुख्य परीक्षक. आता त्यांच्यापुढेच जाऊन आपल्या हाताने आपलं नाक कापून घ्यायचं होतं. रात्रभर बाईंना झोप लागली नाही. पण सकाळी त्या आपांना आणि भिंगरीला घेऊन मंडळाच्या कचेरीत हजर झाल्या.

परीक्षकसाहेबांच्या खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे छतापर्यंत गेले होते. कोपऱ्यात एक फळा होता. साहेबांना झुपकेदार मिशा होत्या आणि खिशात लाल पेन.

"मी प्रत्येक पेपरात पुढचं पान उलटलं," ते दुखावल्या आवाजात म्हणाले. "प्रत्येक पेपरात. शेवटी शेवटी तर मला आशा वाटायला लागली होती, निदान या पोरीने तरी काढली असेल."

बाईंनी दीर्घ श्वास घेतला. "साहेब, यांनी कॉपी केलेली नाही. यांनी पुस्तक पाठ केलंय. कंसासकट."

"भूमिती पाठ? तुमच्या वर्गात?" साहेबांच्या भुवया वर गेल्या. "सभेत तुम्ही काय म्हणाला होतात ते आठवतंय मला."

"मलाही आठवतंय," बाई म्हणाल्या. त्यांचे कान तापले होते. "ते शब्द आज परत घेते."

साहेबांचा विश्वास बसेना. तेव्हा आपा पहिल्यांदा बोलल्या. "पुस्तक उघडा, साहेब. कुठलीही ओळ उचला. त्याच्या पुढचं ही म्हणेल. आमच्याकडे परीक्षा अशीच घेतात."

साहेबांनी पुस्तक मधोमध उघडलं आणि एका सिद्धतेतली अर्धी ओळ वाचली. भिंगरीने ती त्यांच्या तोंडातून काढून घेतली आणि सिद्धता संपवून, खालची टीपही म्हणून दाखवून, सरावसंचापर्यंत गेली. साहेबांनी दुसरं पान काढलं, मग तिसरं. तिसऱ्यात ती एका ठिकाणी घसरली. साहेबांना कळलंही नाही, पण टेबलाच्या काचेवर टक् झालं. भिंगरी मागे गेली, चुकलेला शब्द तिला सापडला आणि ती पुढे निघाली. साहेबांनी ओळीवर बोट ठेवून पाहिलं, आपांकडे पाहिलं, आणि त्यांच्या मिशा हलायला लागल्या. ते हसत होते.

"कॉपी नाही. मान्य," त्यांनी पेन उघडलं. मग पुन्हा बंद केलं. "पण बाई, हे गणितही नाही. हिला यातलं काही कळलंय असं दिसलं तर निकाल आजच सोडतो. नाहीतर सगळ्या वर्गाची पुन्हा परीक्षा घ्यावी लागेल, मग ती होईल तेव्हा होईल."

म्हणजे प्रवेश संपल्यावर.

साहेबांनी फळ्यावर अर्धवर्तुळ काढलं, पण उलटं, वाटीसारखं. त्रिकोणाचं टोक खाली गेलं. अक्षरंही त्यांनी मुद्दाम पीक्यूआर घेतली आणि केंद्राला नाव दिलं एम. "सिद्ध कर," ते म्हणाले.

भिंगरीने डोळे मिटले. "समजा ओ हे," ती म्हणाली आणि थांबली. ओ कुठेच नव्हता. ती पुन्हा पहिल्यापासून निघाली आणि पुन्हा तिथेच अडली. बाई काही सुचवायला पुढे झाल्या तर साहेबांनी बोट वर केलं. आपांची अंगठी उचलली गेली, पण वाजली नाही. इथे कुठली चूक दाखवायची तेच आपांना माहीत नव्हतं.

मग भिंगरीने डोळे उघडले. ती फळ्याजवळ गेली, मान वाकडी केली, आणखी वाकडी केली आणि खुदकन हसली.

"ही तीच आहे, साहेब. पालथी झोपलीये."

"कशावरून?"

"आम्हाला कुराण पाठ करताना सारख्या दिसणाऱ्या आयती, म्हणजे त्यातल्या ओळी, येतात. एकच शब्द वेगळा असतो, पण तेवढ्याने सगळी जागाच बदलते. म्हणून बघून पाऊल टाकावं लागतं." तिने खडू उचलला. "इथे त्याच्या उलट आहे. अक्षरं सगळी बदलली, पण जागा तीच आहे." तिने एमपासून खालच्या टोकापर्यंत रेघ ओढली. "ह्या तिन्ही रेघा केंद्रापासून काठापर्यंतच्या, म्हणजे सारख्या. म्हणून हे दोन कोन सारखे, आणि इकडचे हे दोन सारखे. सगळे मिळून दोन काटकोन होतात, त्रिकोणच आहे तो. आणि ह्या टोकाला ह्यातला एक आणि त्यातला एक आलाय. म्हणजे निम्मे. म्हणजे एक काटकोन."

ती डुलत नव्हती. सूर कुठे गळून पडला ते तिलाही कळलं नव्हतं.

"हे कुठे शिकलीस?" साहेबांनी विचारलं.

"बाईंनी मैदानात दोरी धरून दाखवलं होतं. नंतर मी विसरले. पण सगळं पाठ होतं, म्हणून आत्ता परत सापडलं."

साहेबांनी सही केली. "पुढच्या वेळी आकृती काढत जा," ते म्हणाले. "मला उगाच पानं उलटायची सवय लागलीये."

भिंगरी वडिलांना फोन करायला धूम पळाली. बाईंचा पाय ठणकत होता, म्हणून त्या आणि आपा कचेरीच्या पायऱ्यांवर टेकल्या. बाईंना इतका आनंद झाला होता की कुणाच्या तरी गळ्यात पडावंसं वाटत होतं. आपा मात्र बोटातली अंगठी फिरवत बसल्या होत्या.

"आता कशाला मनाला लावून घेता, आपा? झालं ना सगळं."

"तसं नाही गं. एक विचारू? हसणार नाहीस ना?" आपांनी आवाज खाली आणला. "पोरींचं ऐकून ऐकून मलाही ती सिद्धता पाठ झालीये. पण एका जागी मी रोज अडते. प्रश्नात अर्धवर्तुळ दिलंय, त्रिकोण दिलाय. केंद्रापासून टोकापर्यंतची ती रेघ दिलेलीच नाही. आणि आपण सरळ म्हणतो, जोडा. मुळात नसलेली रेघ आपण पदरची घालायची? आणि घालायची तर तीच का? आणखी कितीतरी ओढता आल्या असत्या."

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. इतकी वर्षं त्या ही सिद्धता शिकवत होत्या आणि इतकी वर्षं ती रेघ फळ्यावर ओढून पुढे जात होत्या. तीच का? त्यांनी आठवून पाहिलं. त्या शाळेत असताना त्यांच्या बाईंनी ती रेघ ओढली होती आणि यांनी ती वहीत उतरवून घेतली होती. त्यापलीकडे त्यांना काहीच आठवेना. ती रेघ त्यांनी पाठ केली होती.

"मला माहीत नाही, आपा," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी शिक्षिका झाल्यापासून कुणापुढेही उच्चारलं नव्हतं, आणि उच्चारल्यावर त्यांना हसू फुटलं. त्यांनी पिशवीतून खडू काढला, पायरीवर अर्धवर्तुळ आणि त्रिकोण काढला आणि खडू आपांच्या हातात दिला. "रेघ ओढायची परवानगी आहे. कुठलीही ओढा. बघू काय होतं ते."

आपांनी इकडेतिकडे पाहिलं, पदर खोचला आणि भलत्याच ठिकाणी एक रेघ ओढली. त्यातून काहीच निघालं नाही. मग त्यांनी दुसरी ओढली. बाई म्हणाल्या, थांबा, मलाही एक ओढू द्या. भिंगरी उड्या मारत परत आली तेव्हा ती पायरी भरून गेली होती आणि दोघीजणी खालच्या पायरीवर सरकल्या होत्या.