दुसरा बुधवार

बायको होती तोपर्यंत मला दुसऱ्या घड्याळाची गरज पडली नाही. घरात भिंतीवर एक घड्याळ, आणि बाकीच्या जगात किती वाजले ते ती सांगायची. बंदरातल्या एका कचेरीत तिने एकतीस वर्षं नोकरी केली. कुठली बोट कुठे पोचली, तिथे आत्ता किती वाजलेत, तिथल्या माणसाला आत्ता फोन केला तर तो बोलेल की शिव्या देईल, हे सगळं तिला तोंडपाठ. मी विचारायचो, "मुलाला फोन लावू का?" ती भाजी चिरता चिरता मान वर न करता म्हणायची, "आत्ता नको, झोपमोड होईल. तुम्ही आंघोळ करून या." मी आंघोळ करून येईपर्यंत तिकडे सकाळ झालेली असायची. मला ती जादूच वाटायची.

मी लाकूड कातणारा. पलंगाचे पाय, जिन्याच्या कठड्याचे खांब, असली कामं. घराखालीच माझं लेथ आहे. आमचा एकुलता एक मुलगा मालवाहू बोटीवर सेकंड इंजिनिअर आहे. ती त्याला खलाशीबुवा म्हणायची. बोट पुढे सरकली की बोटीवरची घड्याळंही सरकवतात. तसं झालं की तो निरोप पाठवायचा आणि ती एका वहीत लिहून ठेवायची. मी ती वही कधी उघडली नव्हती. ती म्हणायची, "तुम्हाला भिंतीवरचं एक झेपलं तरी खूप झालं."

ती गेली बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. आठ दिवस दवाखान्यात होती. मी लगेच मुलाच्या कंपनीत फोन केला. ते म्हणाले, बोट भर समुद्रात आहे, उपग्रहाचा संपर्क तुटलाय, निरोप पोचला की कळवू. मुलाचा फोन आला तेव्हा आमच्याकडे गुरुवारचे रात्रीचे दहा वाजले होते. दोघंही नीट बोलू शकलो नाही.

अडीच महिन्यांनी त्याची मुदत संपली आणि तो घरी आला. जेवायचा, झोपायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. बस. चौथ्या दिवशी सकाळी कंपनीचा फोन आला. पुढच्या बोटीसाठी विचारत होते. तो म्हणाला, "नाही. माझं नाव काढून टाका." पलीकडचा माणूस बहुतेक ओळखीचा असावा. शनिवारपर्यंत विचार कर म्हणाला.

मी म्हटलं, "काय रे, असं कसं नाव काढा?"

"असंच."

"चौदा वर्षं केलंस ते असंच सोडतोस?"

"बाबा, चहा गार होतोय तुमचा."

"होऊ दे. मला आधी सांग."

तो कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आई गेली तेव्हा मी नाचत होतो."

मला काही समजेना. त्यानेच सांगितलं. बोटीवरच्या आचाऱ्याचा वाढदिवस होता. जेवणघरात गाणी लावली होती आणि सगळे नाचत होते. कोणीतरी त्याच्याच मोबाइलवर त्याचा फोटो काढला. बोट तेव्हा आपल्यापेक्षा दहा तास पुढे होती. आपल्याकडे सकाळचे नऊ वाजून दहा, म्हणजे तिकडे संध्याकाळचे सात वाजून दहा. फोटोवर वेळ होती बुधवार, सात वाजून अकरा मिनिटं. "एका मिनिटाचा फरक," तो म्हणाला. "कप्तानाने निरोप दिला, मी वेळ जुळवली, आणि मोबाइल ठेवून दिला. तो फोटो पुन्हा उघडला नाही. आता पुन्हा त्या जेवणघरात बसून मी जेवू कसा?"

मी खाली लेथवर गेलो.

माझी आशा साधी होती. पोराच्या हिशोबात कुठेतरी एक तास चुकलेला असावा. एक तास जरी इकडचा तिकडे झाला, तरी तो सुटेल. पण मला कागदावरचं गणित कळत नाही. वस्तू हातात आली की कळते. म्हणून पलंगाच्या पायासाठी आणलेला एक जाड ठोकळा लेथवर चढवला आणि त्याचा गोळा कातला, लहान मुलाच्या डोक्याएवढा. काचपेपर मारला. मग कर्कटक घेऊन मधोमध चोवीस भाग पाडले, चोवीस उभ्या रेघा ओढल्या. प्रत्येक रेघेला एक तास, एवढं तिच्या बोलण्यातून ऐकून माहीत होतं. पूर्वेकडे सरकलं की पुढे, पश्चिमेकडे मागे.

वर जाऊन तिची वही आणली. शेवटची ओळ दवाखान्यातली, अक्षर वाकडं. 'खलाशीबुवा आपल्याहून दहा तास पुढे.' त्याच्या पुढे पान कोरं होतं.

घराच्या जागी एक खिळा ठोकला, दहा रेघा मोजून बोटीच्या जागी दुसरा. दारातून ऊन येत होतं, त्यात गोळा धरला आणि घराच्या खिळ्यावर सकाळ येईल इतका फिरवला. आणि तसाच धरून उभा राहिलो.

अर्धा गोळा उजेडात, अर्धा अंधारात. घराचा खिळा उन्हात चमकत होता. बोटीचा खिळा उजेडाची कड संपते तिच्या जरासा पलीकडे, नुकत्याच पडलेल्या अंधारात. मी गोळा हळू फिरवला. कड सरकली. एक रेघ उजेडात आली तशी समोरची एक अंधारात गेली. कितीही फिरवा, अर्धा उजेड काही कमी होईना. कोणत्याही क्षणी कुठल्यातरी रेघेवर सकाळ होतच होती. चाळीस वर्षं मी गोल वस्तू कातल्या, पण हे कधी बघितलं नव्हतं. ती मात्र भाजी चिरताना हेच बघत असणार. आपली बायको किती मोठी गोष्ट डोक्यात घेऊन घरात वावरत होती, आणि मी तिला मीठ कुठे आहे ते विचारत होतो.

पण पोराचा हिशोब बरोबर निघाला. नऊ दहाचे सात दहाच होत होते.

कातकामात एक सवय असते. भाग पाडले की पहिल्या खुणेपासून मोजत पुन्हा पहिल्या खुणेवर यायचं. शेवटची खूण पहिलीवर बसली नाही तर भाग चुकले. म्हणून मी बोटीच्या खिळ्यापाशी थांबलो नाही. पुढे मोजत गेलो, रात्रीचे आठ दहा, नऊ दहा, बारा ओलांडले, गुरुवार लागला. मोजत मोजत घराच्या खिळ्यावर परत आलो तर उत्तर आलं गुरुवार, सकाळचे नऊ दहा. निघालो होतो बुधवारी. माझ्याच घरात उद्या उजाडला होता.

वाटलं कर्कटक सरकलं. रेघा मोजल्या, चोवीसच. पुन्हा फिरलो, पुन्हा गुरुवार. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा चिडून मुलाला हाक मारली.

तो खाली आला. हातात गोळा बघून म्हणाला, "हे काय आता?"

"पृथ्वी. चोवीस भाग पाडलेत, अगदी बरोबर पाडलेत, पण एक दिवस जास्त येतोय. कुठे चुकलं ते बघ."

त्याने गोळा फिरवला, आणि घरी आल्यापासून पहिल्यांदा हसला. "बाबा, तुमचं काही चुकलेलं नाही. सगळ्यांनाच एक दिवस जास्त येतो."

"मग त्याचं करता काय?"

"समुद्रात टाकून देतो." त्याने बोटीच्या खिळ्याच्या तीन-चार रेघा अलीकडे बोट ठेवलं. "इथे कुठेतरी तारखेची रेषा आहे. पूर्वेकडे जाताना ती ओलांडली की एक दिवस मागे यायचं. कुठल्या रात्री ते कप्तान ठरवतो, कधी कधी रेषा ओलांडून चार-पाच दिवसांनीही. घड्याळाला हात लावायचा नाही. फक्त त्या रात्री बारा वाजता तारीख बदलायची नाही. आजचीच तारीख उद्या पुन्हा."

"म्हणजे एकच वार दोनदा?"

"हो."

"थापा मारतोस."

"आईला विचा..." म्हणता म्हणता तो थांबला.

मी सहज विचारलं, "मग या खेपेला कुठला वार दोनदा आला?"

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "बुधवार."

आम्ही दोघं त्या गोळ्याकडे बघत होतो.

"वाढदिवस कुठल्या बुधवारी होता?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. दोन्ही दिवस सारखेच होते, बाबा. तोच समुद्र, तेच इंजिन."

"तुझी पाळी कधी असते?"

"चार ते आठ. पहाटे आणि संध्याकाळी."

"मग संध्याकाळी सात वाजता तू वर नाचत कसा होतास?"

"थर्ड इंजिनिअर म्हणाला, तू जा, तासभर मी बघतो. आदल्या दिवशी मी..." तो खाली बसला, लाकडाच्या भुशातच. "आदल्या दिवशी संध्याकाळी एका पंपाचा आवाज बिघडला होता. मी पाळी संपल्यावरही त्याच्यापासून हललो नाही, आठनंतरची थर्डची पाळीही मीच काढली. त्याची परतफेड म्हणून त्याने मला सोडलं. आदला दिवसही बुधवारच होता."

मी म्हटलं, "थांब. नाचलास, त्यानंतर निरोप कधी मिळाला?"

"रात्री झोपलो. सकाळी आठला कप्तानाने बोलावलं. मी लगेच तुम्हाला फोन केला."

"म्हणजे तेरा तास. आणि मी बुधवारी सकाळी नऊपासून गुरुवारी रात्री दहापर्यंत तुझ्या फोनची वाट बघत होतो. दीड दिवस." मी बोटांवर मोजलं, त्याने मनात मोजलं. मधे बरोबर एक दिवस उरत होता. ती असती तर त्याने फोटोचं नाव काढताच म्हणाली असती, "कुठला बुधवार, पहिला की दुसरा?" वहीत पुढची ओळ लिहायला ती नव्हती, म्हणून अडीच महिने पोराने हे ओझं वाहिलं.

"म्हणजे मी नाचलो तेव्हा ती जाऊन अख्खा दिवस झाला होता," तो म्हणाला. "हे तरी काय बरं आहे?"

"बरं की वाईट ते मला कळत नाही," मी म्हटलं. "पण ती गेली तेव्हा तू कामावर होतास."

त्याने आपला तळहात उघडून बघितला. "सात वाजता मी त्या पंपावर हात ठेवून बसलो होतो. दाब दाखवणाऱ्या काट्यावर माझा भरवसा नव्हता. हाताला थरथर कळते."

तेव्हा मी त्याला सांगितलं. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. तिच्या उशाशी यंत्र होतं, त्यावर आकडे बदलत होते. मला ते वाचता येत नव्हते. म्हणून मी तिच्या मनगटावर बोटं ठेवून बसलो होतो. नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत.

तो रडला. मीही रडलो.

मग मला वाटलं ते असं. मी समजत होतो की तिच्याबरोबर तो बुधवारही संपला. पण ती गेल्यावर जगात एक अख्खा बुधवार शिल्लक होता. त्याची पहाट व्हायची होती. त्या पहाटे माझा मुलगा उठला, पाळीवर गेला, जेवला, एका आचाऱ्यासाठी नाचला. आणि तो दिवस कोणी फुकट दिलेला नव्हता. पृथ्वी गोल आहे म्हणून तो निघतोच, कातलेल्या गोळ्यावरसुद्धा निघतो. हे एवढं मोठं आहे की मी आजही त्याच्या एका कडेलाच उभा आहे.

संध्याकाळी त्याने स्वतःहून कंपनीत फोन केला. मी स्वयंपाकघरात होतो, ऐकू येत होतं. "नाव काढलं नसेल तर राहू द्या," म्हणाला. मग बोट कुठली, कधी, असं बोलणं झालं.

ताटावर बसल्यावर म्हणाला, "या वेळी उलट जायचंय, पश्चिमेकडे."

"म्हणजे?"

"म्हणजे एक दिवस कमी. रात्री झोपायचं आणि उठायचं ते परवा."

"कुठला वार जाणार?"

"ते आत्ता कसं सांगू? बोट रेषेपाशी कधी पोचते त्यावर आहे."

मी त्याच्या ताटात भात वाढला. म्हटलं, "कळलं की निरोप पाठव. तो दिवस इथे माझ्याकडे असेल. कसा गेला ते सांगेन."