घडी का गाडी?

मित्रांनो, धुळ्याला पांझरेच्या काठी आमचे कॉलेज आहे. तिथल्या खेळाच्या खोलीत, गुंडाळून ठेवलेल्या नेटच्या मागे, एक सागवानी पेटी तुम्हाला दिसेल. बॅडमिंटनची पिसे झडलेली फुले तिच्यात भरून ठेवली आहेत. ती पेटी म्हणजे मी. एके काळी माझ्या पोटात फुले नव्हे, मते पडत असत. मी या कॉलेजची जुनी मतपेटी आहे.

माझा जन्मच मुळी एका गैरसमजातून झाला. साठ सालच्या आसपास कॉलेजात पहिली निवडणूक ठरली. ऑफिसमधून निरोप गेला पुना मिस्तरीकडे, की वर फट असलेली एक कुलपाची पेटी पाहिजे. पुना मिस्तरीने आयुष्यभर देवळांच्या दानपेट्या केलेल्या. फट म्हटल्यावर त्याला दुसरे काय सुचणार? त्याने सातपुड्याचे चांगले सागवान काढले, मन लावून काम केले, नाणे जाईल एवढीच फट ठेवली आणि पुढच्या बाजूला पिवळ्या रंगात 'यथाशक्ती' असे लिहूनही टाकले. मला बैलगाडीतून उतरवल्यावर ऑफिसमधले सगळे कपाळाला हात लावून बसले. पण मतदान दुसऱ्या दिवशी होते. प्रिन्सिपॉलसाहेब हसून म्हणाले, "राहू द्या. मतसुद्धा यथाशक्तीच द्यायचे असते."

फट एवढीशी, त्यामुळे मताची चिठ्ठी घडीवर घडी घालून बारीक करावी लागे. तेव्हापासून आमच्या कॉलेजात मत देणे हा शब्दच राहिला नाही. सगळे म्हणत, घडी टाकणे. "टाकी का घडी?" असे पोरे एकमेकांना विचारत. खेड्यावरून नवीन आलेला एखादा पोरगा माझ्यासमोर येऊन चप्पल काढी आणि चिठ्ठीबरोबर एक नाणेही सोडी. बाकीचे हसत. मला मात्र तो फार आवडे.

काय दिवस होते ते! निवडणूक दिवाळीनंतर असे. उन्हे कोवळी, पांझरेला थोडे पाणी, आणि कॉलेजभर नुसती धावपळ. एका वर्षी सेक्रेटरीच्या जागेसाठी दोघे उभे राहिले. एक पारसमल, कापडाच्या मोठ्या दुकानदाराचा मुलगा, बोलण्यात साखर. दुसरा निंबा, होस्टेलवर राहणारा, शिरपूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. पारसमलने अर्धा तास भाषण केले आणि टाळ्या घेतल्या. मग निंबा उठला. त्याला शुद्ध मराठी बोलताना घाम फुटे, म्हणून तो सरळ आपल्या अहिराणीवर आला. "भाऊ-बहिनीसहोन, माले भाषन येस नही. होस्टेलमा एक दिवा आनि आम्ही बठ्ठा त्याना आंगे बसतस. माले निवडी द्या, मी वाचनालय रातले उघडं करी दिसू." सगळ्या होस्टेलला मिळून एकच दिवा, म्हणून वाचनालय रात्री उघडे हवे, एवढे सांगून तो खाली बसला.

त्या दिवशी माझ्यापुढची रांग पार दरवाजाबाहेर गेली होती. निंबा निवडून आला आणि पहिला हार त्याच्या गळ्यात पारसमलने घातला. महिन्याभरात वाचनालयात रात्री दिवा लागू लागला. व्हरांड्यात बसून मी तो उजेड पाही आणि मनात म्हणे, हा उजेड माझ्या पोटातून गेला आहे. गर्व झाला होता म्हणा ना! पण मित्रांनो, एखाद्या पेटीला आयुष्यात गर्व करण्यासारखे दुसरे काय मिळते?

मग हळूहळू सगळे बदलले. निंबा पास होऊन गेला. वाचनालयातला दिवा एकदा बंद पडला तो कोणी बदललाच नाही. नंतरचे सेक्रेटरी गॅदरिंगला कोट घालून पुढच्या रांगेत बसत, फोटो काढून घेत, आणि वर्ष संपे. निवडणुकीत जीप आली, भोंगा आला. हिवाळ्यातल्या भरीत-पार्ट्या तर काय, आमच्या खानदेशाचा जीव की प्राण. कुणाच्या तरी मळ्यात काटक्यांवर वांगी भाजली जात, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या जात, आणि खाता खाता उमेदवाराचे नाव कानात घातले जाई. पोरे भरीत खात, बोटे चाटत आणि दुसऱ्या दिवशी मतदानाला येतच नसत. खाल्ल्या मिठाला जागावे, तर तेही नाही! एकदा माझ्यासमोरच दोघे बोलत होते. एक म्हणाला, "कोनी बी निवडी येवो, आपले काय?" दुसरा म्हणाला, "बठ्ठा सारखाच शेतस." मला राग आला, पण खोटे कशाला सांगू, ते अगदीच चूक बोलत नव्हते.

अशातच ते दुष्काळाचे वर्ष सरले आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात बेबा निवडणुकीला उभी राहिली.

हजेरीत तिचे नाव बेबाबाई झुलाल असे होते. आमच्याकडे मुलीच्या नावाला जन्मापासूनच 'बाई' चिकटते, आणि हजेरी घेताना शहरातली पोरे त्यावर खुदकन हसत. ती हसणाऱ्याकडे एकदा शांतपणे बघे आणि मोठ्याने 'हजर' म्हणे. शिरपूर रस्त्यावरच्या एका खेड्यातून ती एस.टी.ने रोज येई. तिच्या गावातली कॉलेजात शिकणारी ती पहिलीच मुलगी. वडील झुलालआबा यांनी एकाच अटीवर पाठवले होते. चुलतभाऊ वना याच्याबरोबर जायचे, त्याच्याबरोबरच परत यायचे, आणि दिवे लागायच्या आत घर गाठायचे.

आता गंमत अशी, की त्या रस्त्याची गाडी पावणेपाचला सुटे आणि प्रयोगशाळेतला तास सुटे पाचला. पुढची गाडी एकदम रात्रीची. बेबाला रोज प्रयोग अर्धा टाकून पळावे लागे. सरांनी तिला बजावले होते, की असेच चालले तर वर्षाची सही मिळणार नाही आणि परीक्षेला बसता येणार नाही. त्या गाडीने जाणारी तीस-चाळीस पोरे होती. त्यांचेही तास बुडत, पण त्यांना तास बुडाल्याचे दुःख नव्हते.

बेबाने वनाला सांगितले, "सेक्रेटरीनी डेपोमा जाईसन सांगं पाहिजे. कोनी जात नही, तं मी उभी ऱ्हास." वना आधी घाबरला, मग तिचा सूचक झाला.

तिच्यासमोर होता मोहनलाल, कापसाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. मनाने वाईट नव्हता तो. हौशी होता, इतकेच. त्याला गॅदरिंगला जळगावचा ऑर्केस्ट्रा आणायचा होता. बेबाने जीप फिरवली नाही, भरीत दिले नाही. ती बसस्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या पोरांना एकेकाला भेटे आणि म्हणे, "भाऊ, आपली गाडी अर्धा तास पुढे ढकलायची आहे. तुमची घडी मला टाका." सगळे मान हलवत. सगळ्यांनी घडी टाकली असती तर ती सहज निवडून आली असती. हा हिशेब तिलाही माहीत होता आणि मलाही.

मतदान तीन वाजता सुरू व्हायचे होते. पण छापखान्यातून चिठ्ठ्याच उशिरा आल्या, आणि माझे कुलूप तपासून मला टेबलावर ठेवेपर्यंत साडेचार वाजून गेले. रांग लागली. पुढे शहरातली पोरे होती, मागे गाडीवाली. त्यांनी एकदा रांगेकडे पाहिले, एकदा घड्याळाकडे पाहिले. मागून कुणीतरी ओरडले, "काय रे, घडी का गाडी?"

सगळी रांग हसली. मीसुद्धा हसले असते, इतका तो शब्द नेमका जमला होता. "गाडी, गाडी!" म्हणत पोरे निघाली. कुणी पिशवी खांद्यावर टाकली, कुणी सायकलच्या मागे बसले. मी त्यांना थांबवू शकले नाही. पेटीला तोंड असते, पण ते फक्त आत घेण्यापुरते.

शेवटी वना राहिला. तो बेबापाशी आला. "चाल, गाडी चुकी जाई."

"मी उमेदवार शे, वना. मोजनी व्हस तोपावत माले ऱ्हाव्हनं पडी. तू घडी टाक आनि थांब मनासंगे."

वनाने माझ्याकडे पाहिले. मग दरवाजाकडे पाहिले. "मना एकलाघाई काय व्हनार शे?" असे म्हणून तो गेला. मला वाटले, दाराशी तरी थबकेल. थबकला नाही.

रांग ओसरली आणि मला उघडले. मला माझे पोट इतके हलके कधीच वाटले नव्हते. बेबा हरली. किती मतांनी म्हणाल, तर एस.टी.च्या मागच्या दोन बाकांवर पोरे दाटीवाटीने बसतात, तेवढ्याच. मोहनलालने तिला हात जोडले. तिनेही जोडले. मग ती एकटीच रात्रीच्या गाडीसाठी स्टँडकडे निघाली.

दोनच दिवसांनी झुलालआबा ऑफिसात आले. मी तिथेच कपाटावर होते. पांढरे धोतर, डोक्याला रुमाल, आणि मागे मान खाली घालून बेबा. आबांनी दाखला मागितला. हेडक्लार्क म्हणाले, "आबा, पोरगी हुशार आहे. वर्ष तरी पुरे होऊ द्या."

आबांनी डोक्याचा रुमाल सारखा केला. मग म्हणाले, "हुशार शे, माले माहीत शे, साहेब. पन वना दिवसना घर उना आनि हाई अंधारामा एकली उनी. गावनं तोंड मी कसं धरू?" वना उजेडी घरी पोचला आणि पोरगी अंधारात एकटी आली, हे गावाने पाहिले होते. रागापेक्षा त्यांना भीतीच जास्त वाटत असावी.

बेबा एवढेच म्हणाली, "आबा, अर्धा तासना सवाल व्हता." दाखला घेऊन दोघे गेले. मी तिला पुन्हा कधी पाहिले नाही.

फेब्रुवारीत गॅदरिंग झाले. मला स्टेजवर नेऊन, वर चादर टाकून, पाहुण्यांचा हार-नारळ ठेवायला वापरले होते. ऑर्केस्ट्रा आला होता. पाहुणे होते एस.टी.चे एक मोठे साहेब. मोहनलालच्या वडिलांची आणि त्यांची ओळख होती, म्हणून बोलावलेले. साहेब भाषणात सहज म्हणाले, "एका गोष्टीचे मला नवल वाटते. दुसऱ्या कॉलेजांची मुले गाडीच्या वेळेसाठी आमच्याकडे येतात, भांडतात. तुमच्याकडून आजवर कोणीही आले नाही. शिरपूरची गाडी पावणेपाचला सुटते, तुमचे तास नंतर सुटतात, हे मला आजच तुमच्या सरांकडून कळले. कुणी नुसते येऊन सांगितले असते तरी बदलून दिली असती. सोमवारपासून ती सव्वापाचला सुटेल."

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब खूश झाले. म्हणाले, "कोणाची फार अडचण होत होती? उभे राहा बघू."

गाडीवाली पोरे मागे एका कोपऱ्यात बसली होती. त्यांतले कोणी उठले नाही. सगळे वनाकडे बघू लागले. शेवटी वना उभा राहिला.

"जिनी अडचन व्हती," तो म्हणाला, "ती आते येत नही, साहेब."

साहेबांना अहिराणी नीट कळली नाही. त्यांनी हसून मान हलवली आणि ऑर्केस्ट्रा सुरू झाला.

सोमवारपासून गाडी खरेच सव्वापाचला सुटू लागली. आजही त्याच वेळेला सुटते. पुढे निवडणुका बिनविरोध होऊ लागल्या, उभेच कोण राहणार म्हणून. मग माझी गरज उरली नाही आणि मी या खोलीत आले. इथे मला त्रास नाही. संध्याकाळी खिडकीतून त्या गाडीचा हॉर्न ऐकू येतो, पोरे गप्पा मारत जाताना दिसतात, त्यांत आता खेड्यावरच्या मुलीही असतात. त्यांना बघून बरे वाटते आणि पोटात तुटते, दोन्ही एकदम.

मित्रांनो, निवडून येणारे सगळेच निंबासारखे नसतात, हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. कंटाळा करा, चिडा, उमेदवाराला तोंडावर चार शब्द सुनवा. पण रांग सोडून जाऊ नका. तुमच्या वर्गात कोणीतरी असेल, जिचे सगळे शिक्षण तुमच्या दहा मिनिटांवर टांगलेले असेल. आणि ती तुम्हाला थांबा असे दोनदा म्हणणार नाही.