झाकणातून दिसणारा तारा

महाराजांचा तारा अखेर झाकणामागे सापडला. पण आकाश-सर्वेक्षणाच्या अधिकृत अहवालात तशी नोंद नाही. तेव्हा असं काही घडलंच नाही, असं धरून चालू.

तर, सभागृह खच्चून भरलेलं. पडद्यावर आकाशगंगेच्या केंद्राजवळचे क्ष-किरणांचे ठिपके.

"अंतराळातली दुर्बीण वळली, बाकीचे तारे पळाले!" महाराज काठीने डावीकडचा कोपरा ठोकत म्हणाले. "हा मात्र सोळाही फोटोंत जागचा हलला नाही. भक्तांकडे बघतोय! याचे किरण घ्या, मोतीबिंदू लोण्यासारखा वितळेल!"

सगळ्यात जोरात टाळ्या अण्णांच्या. शेजारी त्यांची लेक बसली होती. डॉक्टरांनी अण्णांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी शुक्रवारची तारीख दिली होती, उशीर झाला तर डोळा जाईल असं बजावलं होतं, आणि अण्णांनी ती परस्पर रद्द केली होती.

"अण्णा, तो ठिपका दिसतो तरी का तुम्हाला?"

"दिसला असता तर इथे कशाला आलो असतो? गप्प बस."

तिच्या डोक्यात मात्र किडा वळवळू लागला. हे फोटो काढणाऱ्या सर्वेक्षण संस्थेतच ठिपके मोजायची तिची नोकरी. दुर्बीण वळली की फोटोतला तारा सरकायलाच हवा. न सरकणारा तारा दुर्बिणीसोबत प्रवास करतोय की काय?

दुसऱ्या दिवशी तिने कार्यालयात एक फोटो उघडला. कॅमेऱ्यावर झाकण लावून काढलेला. तो कुणी बघत नसे, कारण त्यात काही नसतं. त्यातही डाव्या कोपऱ्यात तोच ठिपका होता.

पुढच्या सभेत तिने तोच पडद्यावर लावला. "महाराज, संस्थेतून ताजा आणलाय. तारा आहे ना?"

"आहे! आज तर तेज दुप्पट!"

"हा झाकण लावून काढलाय."

महाराजांनी काठी आपटली. "दैवी किरण झाकणही भेदतात!"

"मग माझा मोतीबिंदू का भेदत नाहीत हो?" अण्णा उभे राहिले. "महिना झाला बसतोय."

"कॅमेऱ्यातला एक पिक्सेल, म्हणजे किरण टिपणारा कण, बिघडलाय, अंधारातही पेटलेला असतो," लेक म्हणाली. "दुर्बीण वळली की तो आकाशात नव्या जागी आहे असं वाटायचं, म्हणून मीच त्याला सोळा नवे तारे समजून सोळा क्रमांक दिले. चूक माझी. झाकण लावून बघायला हवं होतं; मी बघितलं नाही, तुम्हीही बघितलं नाही."

रद्द केलेली तारीख लेकीने परत मिळवली आणि शुक्रवारी ऑपरेशन झालं. पट्टी निघताच अण्णांनी संस्थेला पहिला अर्ज लिहिला:

"महोदय, यापुढे चमत्कार करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने झाकण लावून काढलेला फोटो दोन प्रतींत आगाऊ सादर करावा, असा आदेश आकाशगंगेच्या केंद्रापासून तात्काळ लागू करण्यात यावा, ही नम्र विनंती."