रामोनची मुदत
रविवारची मिस्सा संपली तेव्हा रुफिना चर्चच्या दारात टेबल टाकून सह्या गोळा करत होती. लहानपणी पाद्र्याने अत्याचार केला असेल, तर कितीही वर्षांनी दावा लावता यावा असा कायदा ग्वाम बेटाच्या विधिमंडळात येऊ घातला होता. तो होऊ नये म्हणून या सह्या. चर्चच्या शाळा विकाव्या लागतील, असं प्रवचनात सांगितलं गेलं होतं.

ऐंशीच्या घरातला हुआकिन नापुती समोर आला तसं तिने पेन पुढे केलं. "किनदादा, करा बघू सही. जन्मभर गप्प बसलेल्यांना आत्ता कंठ फुटलाय."

"रामोनलाही फुटला होता," हुआकिन म्हणाला. "उशिरा."

रामोन त्याचा थोरला मुलगा. दहाव्या वर्षी तो वेदीवर सेवेला लागला, आणि रविवारी पहाटेची मिस्सा चुकू नये म्हणून शनिवारी फादर ॲन्सेल्मच्या घरी झोपायला जाऊ लागला. बाप त्याला गाडीतून सोडायचा. पाद्रीबाबांनी आपलाच मुलगा निवडला याचा त्याला कोण अभिमान. पुढे रामोन दारूत बुडाला, त्याचा संसार मोडला. चाळिशी उलटल्यावर तो एकटाच वकिलाकडे गेला. अठरा पूर्ण झाल्यावर दोन वर्षांत दावा लावायला हवा होता, आता मुदत संपली, असं ऐकून परत आला आणि अंगणात बापाला सगळं सांगून मोकळा झाला. त्यानंतर तीन वर्षांत तो काविळीने गेला.

चर्चच्या दारात हुआकिनने हे सगळं बोलून टाकलं. लोक जागीच थबकले.

"मेलेल्या पोराबद्दल असं बोलू नये हो," रुफिना खालच्या आवाजात म्हणाली.

"जिवंत होता तेव्हा कुठे बोलू दिलंत?"

हुआकिनची बायको एमेलिया गाडीत जाऊन बसली. रामोनचं तिलाही ठाऊक होतं, पण ते चारचौघांत यावं हे तिला सोसवेना. त्या कायद्यावरच्या सुनावणीला राजधानीत जायच्या दिवशी तिने नवऱ्याला निक्षून सांगितलं, की लोक आता रामोनच्या थडग्याकडे बोट दाखवतील, आणि ती घरीच राहिली.

सुनावणीत चर्चच्या वकिलाने मुदतीचं कारण समजावलं. वर्षं लोटली की आठवणी पुसट होतात, साक्षीदार मरतात, आरोपीला बचाव करता येत नाही. हुआकिनची पाळी आली तेव्हा तो कसाबसा उभा राहिला.

"साक्षीदार मरतात हे खरंय. माझा मेला. तुमची मुदत संपली तेव्हा तो विशीत होता आणि नीट झोपतही नव्हता. दावा कुठून लावणार?"

कायदा झाला. आता वारस म्हणून दावा लावता येईल, असं वकिलीणबाईंनी हुआकिनला सांगितलं. पण फादर ॲन्सेल्मला तुरुंगात धाडता येणार नव्हतं. भरपाईचा दावा वेगळा; फौजदारी खटल्याची मुदत केव्हाच उलटली होती, आणि ती एकदा उलटली की नव्या कायद्यानेही परत उघडत नाही. फादर अमेरिकेत, म्हाताऱ्या पाद्र्यांच्या आश्रमात सुखाने राहत होता.

मग हुआकिनच्या घरी माणसं येऊ लागली. कधीकाळी फादरकडे सेवेला असलेली पोरं, आता केस पिकलेले, नातवंडांचे आजोबा. एकेकटे यायचे, बोलायचे, जायचे. एमेलिया तेवढा वेळ आत बसून राहायची.

ग्रेगोरियो आला तो शेवटचा. रामोनहून तो दोन वर्षांनी लहान. 

"माझ्या वाट्याला दोनदाच आलं ते," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा फादरने मला बोलावलं, तेव्हा रामोन म्हणाला, तू घरी जा, मी थांबतो. पुढेही तोच थांबायचा. आम्ही लहान पोरं पळत घरी जायचो. तो का थांबतो, हे मला कळत होतं, काका. तरी मी पळायचो."

एमेलिया बाहेर आली. ग्रेगोरियो घाईने उठून उभा राहिला.

"बस," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग. मी ऐकलेलं नाही."

हुआकिनने तिला आपली खुर्ची दिली आणि तो दाराला टेकून उभा राहिला. ग्रेगोरियोने पुन्हा सुरुवात केली.